'संशोधनसिद्ध' नाडीयंत्र : खरेदीपूर्वीची परीक्षा

संगणकीय नाडीयंत्राचे विक्रेते 'संशोधनसिद्ध' हा शब्द सहज उच्चारतात. वैद्यबंधूंनी तो पारखूनच खरेदीचा विचार करावा. त्यासाठी 'डीबीएलपी' ही संगणकशास्त्रीय शोधनिबंधांची विनामूल्य सूची उपयुक्त आहे. ती १९९३ साली जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात सुरू झाली.

येथे शब्दाच्या आरंभावरून शोध होतो. रोमन लिपीत 'आयुर्वेद' लिहिताना अखेरचे अक्षर गाळल्यास 'आयुर्वेदिक' शब्दाचे निबंधही मिळतात. दोन शब्दांमध्ये उभी रेघ दिल्यास त्यांपैकी कोणताही शब्द चालतो. म्हणून 'नाडी' आणि 'पल्स' एकत्र शोधावेत. मात्र सोबत 'आयुर्वेद' किंवा 'निदान' यासाठीचा इंग्रजी शब्द न जोडल्यास विद्युत्स्पंदांवरील निबंधांचीच गर्दी होते.

सूचीत शीर्षक, लेखक व प्रकाशनस्थळ एवढीच नोंद असते; सारांश नसतो. वैद्यकीय नियतकालिकांसाठी 'पबमेड' निराळे पाहावे. शिवाय नोंद सापडणे म्हणजे निष्कर्षाची ग्वाही नव्हे. मूळ निबंध मिळवून रुग्णसंख्या किती, यंत्राच्या निदानाची तुलना किती वैद्यांच्या निदानाशी केली आणि लेखकांचा विक्रेत्याशी काही आर्थिक संबंध आहे काय, हे तपासावे.

चरकाचार्यांनी आप्तोपदेशासमवेत प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या परीक्षा सांगितल्या आहेत. यंत्रालाही त्यातून सूट नाही.