काटा खाली का येतो?

जबलपूरच्या रस्त्यावर अजून कधीतरी जोंगा दिसते. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली'च्या आद्याक्षरांचं हे नाव. निसानच्या परवान्यावर इथल्या व्हेइकल फॅक्टरीनं ती सैन्यासाठी बनवली: सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. अशी जुनी गाडी सकाळी ऑइल प्रेशर छान दाखवते आणि ग्वारीघाटाहून परतताना सिग्नलला थांबली, की काटा खाली! मालकाच्या पोटात गोळा येतो आणि लगेच नव्या पंपाची चौकशी सुरू होते.

पण पंप नुसतं तेल ढकलतो. दाब तयार होतो तो तेलाची वाट अडते म्हणून. ही वाट म्हणजे क्रँक आणि बेअरिंगमधली, जेमतेम केसाइतकी फट. ती झिजून दुप्पट झाली, तर त्याच दाबाला तेल आठपट निसटतं. त्यात गरम तेल पातळ. म्हणून थंड असताना ठीक आणि तापल्यावर आयडलिंगला दाब पडत असेल, तर संशय आधी तेलावर आणि बेअरिंगवर घ्यावा. थंड असतानाही, रेस देऊनही दाब चढत नसेल, तर पंप, चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) गाळणी आणि रिलीफ व्हॉल्व्ह.

चालत्या गाडीत काटा शून्यावर आला, तर मात्र इंजिन तत्क्षणी बंद. मग डिपस्टिक काढा, तेल बोटांवर चोळा, हुंगा. पातळी खुणेच्या वर आणि वास पेट्रोलचा? फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असू शकतं. त्यानंतर काट्याला दाब कळवणारा सेंडर काढून तिथे थेट नळीचं गेज लावायचं. माझ्या मते ही पायरी कधीच गाळू नये. कित्येकदा खोटं बोलतो तो सेंडरच.

गेज दाखवतं तो मात्र पुरवठ्याचा दाब. शाफ्टला तोलणारा दाब वेगळाच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या आसाला असतं तसल्या बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल उसळून बाहेर! लाकडी खुंटी ठोकली, तीही तेलानं ढकलून काढली. गेज लावल्यावर काटा भाराच्या सरासरी दाबाच्या दुपटीपलीकडे गेला. फिरता शाफ्टच तेल ओढून आपल्या आणि बेअरिंगच्या मध्ये दाबाची गादी तयार करतो; तिचं गणित १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मांडलं.

आता परत गाडीकडे. नळीच्या गेजनंही दाब कमीच दाखवला, तर चेंबर उतरवून एक बेअरिंग शेल उजेडात धरायचं. करड्या थराखालून तांबूस पट्टा डोकावत असेल, तर फट तिथेच वाढली आहे.