कासव सुटले, जाळ्याचे काय?

वाचकहो, रानडुकरांनी रातोरात भुईमूग उकरला, की सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटते, हे तुम्हांला सांगायला नको. मग पंचनामा, अर्ज आणि भरपाईची वाट पाहणे. कोकण किनाऱ्यावरच्या कोळी, गाबीत, दालदी मच्छीमारांवरही असाच प्रसंग येतो. समुद्र हे त्यांचे शेत आणि जाळे ही बैलजोडी.

त्या जाळ्यात कधी मासळीबरोबर समुद्री कासव सापडते. कासव पाण्यात राहत असले, तरी श्वास हवेतच घेते. फार वेळ पाण्याखाली अडकले तर गुदमरते. कधी व्हेल शार्क अडकतो. हा जगातील सर्वांत मोठा मासा, एसटी गाडीएवढा लांब वाढणारा. त्याला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, कासवांनाही आहे. त्यांना सोडवायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते. छोट्या होडीवाल्याला हा घाव जड जातो.

म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना आणली. संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा चित्रण लागते. तेव्हा किनाऱ्यावर तुमचे सोयरे असतील, तर त्यांना एवढे जरूर सांगा : जीव सोडताना मोबाइलवर टिपून ठेवा आणि लगेच अर्ज करा. मात्र ही भरपाई जाळ्याची. बुडालेल्या दिवसाची नव्हे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने आणखी एक वाट दाखवली. तिथे पूर्वी कासवाची अंडी खाण्याविकण्यासाठी नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी कुंपणात राखायला सुरुवात केली. पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला पाहुणे येऊ लागले. ते गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. राखणीतून चार पैसे घरी आले आणि राखण टिकली.

कासव वाचावे ही इच्छा साऱ्यांची आहे. मग त्याचा खर्च एकट्या होडीवाल्याने का सोसावा? पिकाच्या भरपाईसाठी कचेरीत हेलपाटे घातलेल्या तुम्हांला हा प्रश्न परका वाटणार नाही.