अंडं नाही, लोणी नाही, तरी सारण जमतं कसं?

सोलापूरची शेंगाचटणी तुम्ही खाल्लीच असेल. पुढच्या वेळी ताटात आली की लगेच खाऊ नका, आधी चमच्यानं जरा दाबून बघा. चमच्याच्या कडेनं तेल सुटतं, बोटाला लागतं. पण उखळात कुटलेल्या या चटणीत भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, बस्स एवढंच असतं. तेलाचा थेंबही कुणी घातलेला नसतो. मग एवढं तेल आलं कुठून?

आलं दाण्यातूनच! शेंगदाण्याचं जवळजवळ अर्धं वजन तेलाचं असतं आणि पाव वजन प्रथिनांचं. हे तेल पेशींमध्ये अगदी बारीक थेंबांच्या रूपात भरलेलं असतं. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एकदोन भागांएवढा एक थेंब! प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि अख्खा दाणा हाताला कोरडाच लागतो. भाजताना ही आवरणं खिळखिळी होतात, उखळात मुसळाचे घाव बसले की पेशी फुटतात, थेंब एकत्र येतात आणि चटणी तेलानं चमकायला लागते.

दाण्यात एवढं तेल कशासाठी? तर प्रत्येक बी म्हणजे झाडाचं झोपलेलं बाळ, आणि आईझाडानं त्याला बांधून दिलेली शिदोरी म्हणजे हे तेल आणि प्रथिनं. मातीत पडल्यावर पहिली पानं उन्हात येईपर्यंत बाळाला यावरच दिवस काढायचे असतात.

बदाम आणि शेंगदाणा, भाऊ की शेजारी?

बदामाच्या बीमध्येही अशीच शिदोरी असते. निम्मं तेल आणि साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं. पण म्हणून हे दोघं भाऊ नव्हेत हं! शेंगदाणा तूर-हरभऱ्याच्या कुळातला. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीवर फुलतं, मग त्यातून आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि शेंग धरते जमिनीखाली. बदाम मात्र पीच आणि जर्दाळूचा नातेवाईक. त्या फळांची कोय फोडली की आत बदामासारखीच बी दिसते. आणि शाळेच्या अंगणात मोठाल्या पानांचं जे देशी बदामाचं झाड असतं ना, ते तर या दोघांपेक्षाही वेगळ्या कुळातलं!

टार्टच्या पोटात काय असतं?

बियांची ही शिदोरी स्वयंपाकात कशी कामाला येते, ते टार्टमध्ये बघू. टार्ट म्हणजे खुसखुशीत पिठाची उथळ वाटी. आत गोड सारण, वर फळांच्या फोडी. फ्रान्समध्ये यासाठी बदामाची पूड, साखर, लोणी आणि अंडी फेटून सारण करतात. त्याला म्हणतात फ्रांजिपान.

पण काही मुलांना दूध किंवा अंडं सोसत नाही. काही घरांत प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाहीत. दूध, तूप, अंडी, मध, सगळं वर्ज्य. अशा खाण्याला व्हीगन म्हणतात. मग या मंडळींनी टार्ट खायचाच नाही का? खायचा की! फक्त लोणी आणि अंडं सारणात कुठलं काम करत होती, ते आधी ओळखायचं आणि त्या कामाला दुसरा गडी शोधायचा.

लोण्याचं काम सारण मऊ ठेवायचं. पण बदाम स्वतःच निम्मा तेलाचा आहे! त्याची पूड केली की बरंच काम झालं, वरून दोन चमचे शेंगदाण्याचं तेल पुरतं.

अंड्याची कामं दोन. पहिलं, तेल आणि पाण्याला एकत्र नांदवायचं. हे बदामालाही जमतं. भिजवलेले बदाम पाण्यात वाटून गाळा, दुधासारखं पांढरं पाणी मिळेल. त्यात तेलाचे थेंब तरंगत असतात, पण प्रथिनांच्या आवरणामुळे ते लगेच वेगळे होत नाहीत. अंड्याचं दुसरं काम, गरम झाल्यावर घट्ट होऊन सगळं धरून ठेवायचं. इथे मात्र बदाम कमी पडतो. मग बोलवायचं जवसाला! हो, ज्याची आपण चटणी करतो तेच जवस. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा आणि बोटानं उचलून बघा. बुळबुळीत तार येईल. जवसाच्या सालीतला चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि सारणाचे कण एकमेकांना चिकटवतो.

सोलापूरच्या शेंगापोळीचं सारण आठवा. दाण्याचं कूट, गूळ, वेलदोडा. त्यातही दूध नाही, अंडं नाही. तव्यावर गूळ पाघळतो, दाण्याचं तेल त्यात मिसळतं आणि सारण एकजीव होतं. फ्रान्सपासून सोलापूरपर्यंत स्वयंपाकघरांनी बियांची ही शिदोरी बरोबर ओळखली आहे.

गव्हातली गंमत आणि काही मुलांची अडचण

आता बाहेरच्या वाटीकडे वळू. शेंगापोळी असो नाहीतर टार्ट, आवरण बहुधा गव्हाचं. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं चिवट जाळं तयार होतं. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. 1728 मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञानं कणीक पाण्याखाली धूत धूत हे ग्लुटेन वेगळं काढून दाखवलं. तुम्हीही करून बघा. कणकेचा लिंबाएवढा गोळा पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हातानं चोळत राहा. पांढरं पीठ निघून जाईल आणि मुठीत एक चिवट गोळा उरेल, ताणलं की ताणणारा. मग ज्वारीचा गोळा तसाच धुवा. तो पाण्यात विरघळल्यासारखा विस्कटून जाईल, हातात काहीच उरणार नाही!

काहींना ग्लुटेन सोसत नाही. त्यांच्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा ग्लुटेन पाहिलं की बिथरते आणि स्वतःच्याच आतड्याला इजा करते. या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. गहूच सिलिअ‍ॅक असलेल्या मुलांना आजारी पाडतो, असा त्यांना संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला. लोक भुकेनं खंगत होते, पण या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली. पुढे ब्रेड परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डॉक्टरांचा संशय खरा ठरला.

ज्वारी आली धावून

सिलिअ‍ॅक असलेल्या मुलांना गहू आणि सातू चालत नाहीत, पण ज्वारी चालते. आणि ज्वारी म्हणजे तर सोलापूर जिल्ह्याचा अभिमान! मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतली ज्वारी एवढी नावाजलेली, की 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरी पोळीसारखी लाटत नाहीत, थापतात. पीठ गरम पाण्यात मळतात, कारण उष्णतेनं त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो. आणि ग्लुटेनचं चिवट जाळं नाही, पाणीही उडालेलं, म्हणून तर सोलापूरची कडक भाकरी कट्कन मोडते. टार्टच्या वाटीला आपल्याला हाच कुरकुरीतपणा हवा आहे!

एक काळजी मात्र घ्यायची. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर त्याचं पीठ आपल्या ज्वारीत येतं. सिलिअ‍ॅक असलेल्यांना तेवढंही बाधतं. नुसतं "ज्वारीवर ज्वारी टाका" म्हणून भागत नाही. त्यांच्यासाठी ज्वारी निवडून, घरच्या स्वच्छ चक्कीत किंवा मिक्सरमध्येच दळावी.

करून बघा!

(मोठ्या माणसाला सोबत घ्या. खाणाऱ्यांपैकी कुणाला शेंगदाणे किंवा बदाम सोसत नाहीत का, हे आधी विचारा.)

वाटीसाठी: ज्वारीचं पीठ 1 वाटी, दाण्याचं बारीक कूट पाव वाटी, तेल 3 मोठे चमचे, किसलेला गूळ 2 चमचे, लागेल तसं गरम पाणी.

सारणासाठी: बदामाची पूड 1 वाटी, किसलेला गूळ अर्धी वाटी, तेल 2 मोठे चमचे, ज्वारीचं पीठ 2 चमचे, 1 मोठा चमचा जवसाची पूड 3 मोठे चमचे पाण्यात भिजवून, वेलदोडा, चिमूटभर मीठ.

1. वाटीचं साहित्य मळून तेल लावलेल्या छोट्या स्टीलच्या वाट्यांत बोटांनी थापा. चीर पडली तर ओलं बोट फिरवा.

2. 180 अंशांवर ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजा.

3. सारण कालवून भरा आणि कडा सोनेरी होईपर्यंत, साधारण वीस मिनिटं, पुन्हा भाजा.

4. पूर्ण गार झाल्यावर वर डाळिंबाचे दाणे ठेवा. गरम सारणावर दाणे मऊ पडून रस सुटतो आणि वाटी ओली होते.

डाळिंब का? अहो, सोलापूरच्या डाळिंबालाही 2016 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावलाच आहे!

आता खरे शास्त्रज्ञ व्हा. एकाच वेळी तीन टार्ट करा. पहिला वर दिल्याप्रमाणे, दुसरा जवस न घालता, तिसरा बदामाऐवजी दाण्याचं कूट घालून. गार झाल्यावर सुरीनं कापा. कुठला सरळ कापला गेला? कुठला भुगा होऊन पडला? कुठल्याला तेल सुटलं? वहीत लिहा आणि शेजारी कारणही लिहा. एकदा पदार्थातल्या प्रत्येक जिनसाचं काम कळलं, की तुमच्या वर्गातल्या कुठल्याही मित्रासाठी, त्याला काहीही सोसत नसलं तरी, तुम्ही खाऊ करू शकाल. तो खाऊ त्याला डब्यात नक्की द्या.