ऐंशीनंतरचा ३ किलोचा गोळा

मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो आणि हे गट शंभरीच्याही पलीकडे जातात. वय वाढते तसे साहित्य हलके होते. तरुण पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा; पन्नाशीनंतर तो ६, साठीनंतर ५, सत्तरीनंतर ४ आणि ऐंशीनंतर ३ किलोचा होतो. मोजपट्टी मात्र तीच राहते. म्हातारपणाला खेळात सामावून घेण्याची ही फार शहाणी रीत आहे. घरोघरी नेमके उलटे घडते. ‘बसा आता, आम्ही करतो’ असे मायेने म्हणत ३ किलोची भाजीची पिशवीसुद्धा आजोबांच्या हातून काढून घेतली जाते.

भाईंदर पूर्वेला जेसल पार्क चौपाटीवर सकाळी खाडीच्या चिखलाचा खारट वास येत असतो आणि सत्तरी-ऐंशीतली मंडळी फेऱ्या मारत असतात. या चालण्याने दम टिकतो. खरी परीक्षा असते बाकावरून उठताना. आधी दोन्ही तळवे मांड्यांवर टेकतात, कंबर पुढे झुकते, एक हिसका बसतो आणि उभे राहिल्यावर तोल सावरायला क्षणभर थांबावे लागते. वयाबरोबर स्नायूंतले झटकन आकुंचन पावणारे तंतू अधिक वेगाने घटतात. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकायला तेच कामी येतात. ते दुबळे झाले की पडणे आले, आणि पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाखेरीज किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सांगते. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे हा त्यातला सर्वांत सोपा.

उतारवयातही खेळत राहणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९४० मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रणजी सामन्यात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, १९४४ मध्ये बावन्नाव्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतके ठोकली आणि १९९३ मध्ये १०१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकट्याच्या आयुष्यावरून खेळाने शंभरी गाठता येते असे म्हणता येणार नाही. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. पण उशिरा सुरुवात करता येते, हे चंदीगडच्या मान कौर यांनी दाखवले. त्यांनी धावायला सुरुवात केली ती ९३व्या वर्षी, आणि २०१७ मध्ये ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स क्रीडा स्पर्धेत १०१व्या वर्षी १०० मीटर १ मिनिट १४ सेकंदांत पूर्ण केले.

हृदयविकार, रक्तदाब किंवा ठिसूळ हाडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि पहिले काही दिवस भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घ्यावा. चौपाटीवर रोज येणाऱ्यांनी शेवटची एक फेरी कमी करून त्या वेळात बाकावरून दहा वेळा, हात न टेकता, उठून पाहावे. आणि घरच्यांनी ती ३ किलोची पिशवी आजोबांच्या हातात राहू द्यावी.