प्रिंटरची दवंडी वेशीपलीकडे

नवा प्रिंटर घरच्या वायफायला जोडा आणि मोबाइलवर ‘प्रिंट’ दाबा. क्षणभरात त्याचं नाव यादीत दिसतं. पत्ता कुणी टाइप केलेला नसतो, ड्रायव्हर शोधलेला नसतो. मग या दोघांची गाठ घालून दिली कुणी? कुणीच नाही! घरातल्या उपकरणांची नोंदवही ठेवणारं कुणी नसतानाही ती एकमेकांना हुडकून काढतात.

या किमयेचं नाव मल्टिकास्ट डीएनएस. मोबाइल 224.0.0.251 या पत्त्यावर, 5353 क्रमांकाच्या पोर्टवर दवंडी पिटतो : छपाई करणारं इथे कुणी आहे का? हा पत्ता कुठल्याही एका यंत्राचा नाही. त्यावर कान ठेवून असलेल्या सगळ्यांनाच प्रश्न ऐकू जातो. प्रिंटर उत्तरात आपलं नाव, आयपी पत्ता आणि पोर्ट सांगतो. रंगीत छापता येतं का, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापता येतं का, हेही त्यातच येतं.

या संवादातला समंजसपणा पाहून थक्क व्हायला होतं. नाव घेण्याआधी प्रिंटर पाव-पाव सेकंदाच्या अंतराने तीनदा विचारतो, ‘हे नाव आधी कुणी घेतलंय का?’ घेतलेलं असेल, तर तो सहसा आपल्या नावापुढे आकडा जोडतो. विचारणारा आपल्याला आधीच ठाऊक असलेली उत्तरं प्रश्नासोबत पाठवतो, म्हणजे ती कुणी पुन्हा देत बसू नये. उत्तर देणारे बरेच असू शकतील, तेव्हा प्रत्येक जण 20 ते 120 मिलिसेकंद थांबतो, म्हणजे गलका होत नाही. ॲपलने ही सोय 2002 साली मॅक ओएस एक्स 10.2 मध्ये आणली. स्टुअर्ट चेशायर आणि मार्क क्रॉचमल यांनी लिहिलेले तिचे नियम 2013 मध्ये आरएफसी 6762 म्हणून प्रसिद्ध झाले.

आता घरचं नेटवर्क दोन सबनेटांत विभागू. लॅपटॉप आणि मोबाइल 192.168.10 मध्ये, कॅमेरे, टीव्ही आणि प्रिंटर 192.168.20 मध्ये. विचार शहाणपणाचा आहे : उद्या एखाद्या कॅमेऱ्यात कुणी शिरकाव केला, तरी त्याला लॅपटॉपपर्यंत सहज पोचता येऊ नये. पण त्याच क्षणी प्रिंटर यादीतून गायब होतो. कारण 224.0.0.0 ते 224.0.0.255 या पत्त्यांवरचा मजकूर राउटरने पुढे पाठवायचाच नाही, असा नियम आहे. दवंडी वेशीपर्यंतच. ही मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. ती नसती, तर घरोघरचे प्रश्न जगभर घुमत राहिले असते.

वेशीपलीकडे दवंडी पोचवायला रिफ्लेक्टर लागतो. दोन्ही सबनेटांत पाय असलेल्या यंत्रावर, म्हणजे बहुधा राउटरवरच, तो चालवतात. लिनक्सवर ‘अवाही’ हा प्रोग्रॅम हे काम करतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये रिफ्लेक्टरची एक ओळ चालू केली की झालं. काही राउटरांत याचं तयार बटणच असतं. रिफ्लेक्टर एका बाजूचा प्रश्न ऐकतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतः नव्याने विचारतो. उत्तराचा प्रवासही तसाच, उलट दिशेने. वेशीचा नियम मोडत नाही आणि नाव मात्र पलीकडे पोचतं.

पण नाव कळलं म्हणजे कागद छापला गेला असं नाही. छपाईचा मजकूर मोबाइलकडून थेट प्रिंटरच्या पत्त्यावर जातो, आणि तिथे फायरवॉल आडवी येते. म्हणून लॅपटॉप-मोबाइलच्या सबनेटकडून प्रिंटरच्या पत्त्याकडे 631 हे पोर्ट उघडायचं. जुनी पद्धत वापरत असाल तर 9100. नेहमीच्या फायरवॉलला चालू संभाषणाची उत्तरं ओळखता येतात, त्यामुळे उलट दिशेला दार उघडावं लागत नाही. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, नाहीतर तो बदलला की हा नियम वाया जातो.

बिघाड शोधायचा असेल, तर यादी पाहा. नावच दिसत नसेल तर आधी रिफ्लेक्टर तपासा. नाव दिसतं पण छपाई अडते, तर फायरवॉल. त्याच दोन सबनेटांमध्ये दोन रिफ्लेक्टर मात्र कधीही चालवू नका. एकाची दवंडी दुसरा परत पिटेल आणि हे चक्र थांबणार नाही. एवढं सांभाळलंत, तर प्रिंटरपायी नेटवर्क पुन्हा एकत्र करायची गरज नाही. सबनेट खुशाल वेगळी ठेवा.