मोहफुलांचा भाव कोण ठरवतो?

पावसाळ्यात उधार तांदूळ घ्यायचा नि उन्हाळ्यात मोहफुलं त्याच व्यापाऱ्याच्या तराजूत ओतायची, हा व्यवहार आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे नव्यानं सांगायला नको. भाव उधार देणाराच ठरवतो. पुस्तकातल्या अर्थशास्त्रात मात्र घेणारा-विकणारा दोघंही मोकळे!

ही गाठ नेमकी पकडली कृष्णा भारद्वाज यांनी. जन्म १९३५ चा, कारवारचा, शिक्षण मुंबईत. या विषयात प्राध्यापक बायका मोजक्याच होत्या तेव्हा, १९६३ साली, त्यांनी पिएरो स्राफा यांच्या अवघड ग्रंथाचं परीक्षण लिहिलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. पण मला त्यांचं १९७४ चं शेतीवरचं पुस्तक अधिक जवळचं वाटतं. जमीन, कर्ज, मजुरी, माल यांचे बाजार एकमेकांत अडकलेले असतात. नडलेला माणूस बाजारात मर्जीनं येत नाही, हे त्यांनी त्यात मांडलं. कर्ज देणाराच माल घेणारा असला, की व्याज भावातूनही वसूल होतं.