पालकसभा, व्हॉट्सॲप आणि नववीची वही

डोंबिवलीहून सकाळी साडेसातच्या लोकलमध्ये स्वतःला कोंबणाऱ्या बापासाठी दहा वाजताची पालकसभा म्हणजे एक रजा खर्ची घालणं. तो येत नाही. मग शिक्षकांच्या खोलीत निकाल लागतो, ‘यांना मुलाचं काही पडलेलंच नाही.’ हा पहिला गैरसमज, आणि तो ठाण्यातच खोटा ठरलाय.

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये ‘समर्थ भारत व्यासपीठ’नं महापालिकेच्या साथीनं सिग्नल शाळा सुरू केली. वर्ग मालवाहू कंटेनरमध्ये. मुलं त्याच पुलाखालच्या बिऱ्हाडांतली, गाड्या थांबल्या की काहीबाही विकणारी. त्यांच्या आईबापांना सभेची चिठ्ठी धाडून भागणार नव्हतं. शाळाच त्यांच्या दारात गेली. (दार होतं कुठे म्हणा!) इथली काही मुलं पुढे दहावी पास झाली.

दुसरा समज घरोघरी आढळतो: रात्री शेजारी बसून अभ्यास घेतला की मार्क वाढतात. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी 2009 मध्ये पन्नास अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. पाचवी-सहावीनंतरच्या वयात गृहपाठातल्या मदतीचा यशाशी संबंध उलटाच दिसला. मागे पडलेल्या मुलालाच मदत जास्त मिळते, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. सर्वांत घट्ट नातं निघालं ते शिक्षण कशासाठी, पुढे काय करायचंय, अशा घरातल्या बोलण्याशी. बीजगणित बाबांना आलंच पाहिजे असं नाही.

‘शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, मग संवाद आहेच,’ हा तिसरा. ‘उद्या गणवेशात यावे’ हा साठ जणांना गेलेला निरोप. त्याला संवाद कसं म्हणायचं? मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी अमेरिकेत, नापास झालेल्या विषयाचा उन्हाळी वर्ग करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांवर एक प्रयोग केला. शिक्षकांनी दर आठवड्याला प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाबद्दल फक्त एक वाक्य कळवायचं. विषय न सुटणाऱ्यांचं प्रमाण 15.8 टक्क्यांवरून 9.3 वर आलं, मुख्यतः वर्ग अर्ध्यावर सोडणारे कमी झाल्यामुळे. कौतुकापेक्षा ‘काय सुधारता येईल’ हे सांगणारं वाक्य जास्त उपयोगी पडलं. कल्याणमध्ये नववीला विज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या बाईंनाही हे जड नाही: ‘प्रयोगवहीतल्या दोन आकृत्या राहिल्यात, सोमवारपर्यंत काढायला सांगा.’ आईला विज्ञान येत नसलं तरी आकृत्या मोजता येतात.

राहिला पालक-शिक्षक संघ. तो मुख्याध्यापकांच्या मर्जीतल्या चौघांचा, असं सर्रास समजतात. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार मात्र प्रत्येक पालक या संघाचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक सोडतीनं निवडायचे असतात. आपल्या शाळेत यंदा ती सोडत कधी निघाली, एकदा विचारून पाहा.